‘ऑब्स्टॅकल’ हा शब्द वाक्यात नेमका कसा बसवायचा?

कोरा_कागद

शब्दकोशात ऑब्स्टॅकल म्हणजे अडथळा. पण हर्डल, बॅरियर, हिंडरन्स, ऑब्स्ट्रक्शन, इम्पेडिमेंट या सगळ्यांच्या पुढेही अडथळाच लिहिलेलं असतं. वाक्य करायला बसलं की घोडं तिथेच अडतं. खाली सहा वाक्यं आहेत. कुठलं चालेल, कुठलं नाही ते सांगा. नुसतं बरोबर उत्तर नको, कारण हवं.

१. मनी इज अ बिग ऑब्स्टॅकल टू गो अब्रॉड.
२. ही सॉल्व्ह्ड ऑल द ऑब्स्टॅकल्स.
३. डोंट ऑब्स्टॅकल मी व्हेन आय ॲम वर्किंग.
४. वी आर फेसिंग टू मेनी ऑब्स्टॅकल्स.
५. ट्रॅफिक वॉज ऑब्स्टॅकल, सो आय केम लेट.
६. शी हॅज ओव्हरकेम एव्हरी ऑब्स्टॅकल.

स्वल्पविराम

पहिल्या वाक्यापाशी जरा थांबू, कारण ही चूक सगळ्यात जास्त दिसते.

ऑब्स्टॅकलनंतर येणारा ‘टू’ हा शब्दयोगी आहे, क्रियापदाला चिकटलेला ‘टू’ नव्हे. म्हणून पुढे ‘गो’ नाही, ‘गोइंग’: मनी इज अ बिग ऑब्स्टॅकल टू गोइंग अब्रॉड. कुठला टू आहे हे ओळखायला सोपी कसोटी आहे. टूच्या पुढे ‘पीस’सारखं एखादं नाम ठेवून पाहा. ‘ॲन ऑब्स्टॅकल टू पीस’ जमतं, म्हणजे तिथे नाम बसतं. नाम बसतं तिथे क्रियापद आणायचं असेल तर त्याला आयएनजी लावूनच आणायचं. ‘आय वाँट टू पीस’ जमत नाही, म्हणून ‘आय वाँट टू गो’. ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’मधला टू ऑब्स्टॅकलवाल्याच जातीचा आहे.

दुसरं म्हणजे, मराठीत आपण ‘शिकण्यात अडथळा’ म्हणतो. त्या ‘-त’चं बोट धरून ‘ऑब्स्टॅकल इन लर्निंग’ येतं. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण घडण मराठी राहते. इंग्रजीत ज्या कामाला अडथळा आहे त्याच्या आधी टू: ॲन ऑब्स्टॅकल टू लर्निंग. ज्या माणसाला अडथळा आहे त्याच्या आधी फॉर: ॲन ऑब्स्टॅकल फॉर बिगिनर्स. ‘इन’ येतो तो वाटेसोबत: ॲन ऑब्स्टॅकल इन माय वे, इन द पाथ ऑफ रिफॉर्म.

तिसरं वाक्य बादच. ऑब्स्टॅकल हे फक्त नाम आहे, त्याचं क्रियापद होत नाही. क्रियापद हवं असेल तर ऑब्स्ट्रक्ट, हिंडर, इम्पीड, ब्लॉक. पण त्या वाक्यात यातलं एकही नको. काम चालू असताना कुणी मध्ये बोलत असेल तर ‘डोंट इंटरप्ट मी’ किंवा ‘डोंट डिस्टर्ब मी’. मराठीतही तिथे आपण अडथळा म्हणत नाही, व्यत्यय म्हणतो.

चौथ्यात तुमचा टू कुठला, हे देवनागरीत कळायला मार्ग नाही! दोन ‘ओ’वाला, म्हणजे ‘फारच’ या अर्थाचा असेल तर वाक्य चोख आहे. एका ‘ओ’चा असेल तर चूक. फेसला शब्दयोगी लागत नाही. ‘ला तोंड देणे’ यातला ‘ला’ इंग्रजीत नेऊ नका.

पाचव्यात ‘ॲन’ राहिला. ऑब्स्टॅकल मोजता येणारं नाम आहे, एकवचनात उघडं सोडता येत नाही: ॲन ऑब्स्टॅकल, द ऑब्स्टॅकल, दिस ऑब्स्टॅकल, काहीतरी हवंच. पण त्या वाक्याचं खरं दुखणं वेगळं आहे, ते कुणीतरी नीट सांगेलच.

रानपाखरू

स्वल्पविरामांशी सहमत. क्रियापदांकडे वळते, कारण खरी मेख तिथे आहे.

मराठीत अडथळा येतो. इंग्रजीत ‘ॲन ऑब्स्टॅकल केम’ एवढंच म्हटलं तर वाक्य लंगडं. ‘केम अप’ चालतं, पण जास्त ऐकू येतं ते ‘वी रॅन इंटू ॲन ऑब्स्टॅकल’, ‘वी हिट ॲन ऑब्स्टॅकल’, ‘वी केम अप अगेन्स्ट ॲन ऑब्स्टॅकल’. मराठीत अडथळा चालत आपल्याकडे येतो, इंग्रजीत तो जागीच उभा असतो आणि आपण जाऊन धडकतो. एवढं चित्र डोक्यात बसलं की निम्मी क्रियापदं आपोआप सुचतात.

चित्राला शब्दाच्या उगमातच आधार आहे. लॅटिन ‘ऑबस्टारे’ म्हणजे समोर उभं राहणं. त्यातला ‘स्टा’ आणि आपल्या संस्कृतमधला ‘स्था’ एकाच कुळातले.

आता आपली नेहमीची वाक्यं:

अडथळ्यांवर मात केली: ओव्हरकेम द ऑब्स्टॅकल्स. पण रस्त्यात आडव्या पडलेल्या झाडावर कुणी ‘ओव्हरकम’ करत नाही. ते ‘क्लिअर’ करायचं, नाहीतर ‘गो राउंड’ किंवा ‘क्लाइंब ओव्हर’. ओव्हरकम शोभतं ते भीती, गरिबी, आजारपण, विरोध अशा अडथळ्यांना.

अडथळा दूर केला: रिमूव्ह्ड. विघ्नहर्ताचं रूढ भाषांतर ‘रिमूव्हर ऑफ ऑब्स्टॅकल्स’ आहे, ते आठवलं तरी पुरे. ही जोडी कधी चुकणार नाही.

अडथळे आणतात: दे पुट ऑब्स्टॅकल्स इन अवर वे. ‘गिव्ह ऑब्स्टॅकल’ नाही, ‘क्रिएट’ चालतं. इथे बहुधा अनेकवचनच येतं, कारण आणणारा माणूस एकावर थांबत नाही.

अडथळा टाळून पुढे गेलो: गॉट राउंड इट. हा प्रयोग मराठी लिहिणाऱ्यांच्या हातून फार कमी येतो आणि बोलण्यात फार कामाचा आहे.

‘सॉल्व्ह’ मात्र प्रॉब्लेमचं, कोड्याचं, गणिताचं. अडथळ्याला उत्तर नसतं, त्याला बाजूला करायचं असतं. म्हणून दुसरं वाक्य ‘ही ओव्हरकेम ऑल द ऑब्स्टॅकल्स’.

सहाव्यात ‘हॅज’ आहे, म्हणून ओव्हरकम. कम, केम, कम तसंच ओव्हरकम, ओव्हरकेम, ओव्हरकम. तिसरं रूप पहिल्यासारखंच, आणि घोटाळा तिथेच होतो.

उच्चारवेडा

एक बारीक गोष्ट. सगळे ‘ऑब्स्टॅकल’ लिहितोय, पण उच्चारात ‘टॅ’ नाही. आघात पहिल्या ‘ऑब’वर, मधला स्वर गिळलेला, ‘ऑब्स्टकल’च्या जवळ जाणारा. ‘टॅ’वर जोर दिला की शब्द अनोळखी वाटतो. हिंडरन्समध्येही ‘हिं’च, ‘हाइं’ नाही, जरी मागच्या पायांचा ‘हाइंड’ त्याच अक्षरांनी सुरू होत असला तरी.

स्पेलिंगचा शेवट सी-एल-ई. नियम असा: ऑब्स्टॅकल, मिरॅकल, व्हेइकल, आर्टिकल ही नामं, यांचा शेवट सी-एल-ई. मेडिकल, लॉजिकल, प्रॅक्टिकल ही विशेषणं, यांचा शेवट सी-ए-एल.

चकोर_७

उच्चारवेडा, केमिकल आणि म्युझिकल नामं म्हणूनही येतात की. त्यांचं काय?

उच्चारवेडा

बरोबर. ती मुळात विशेषणं, नंतर नामं झाली, म्हणून सी-ए-एल टिकला. नियम उलट दिशेने वापरा: शब्द विशेषण म्हणून चालतच नसेल तर सी-एल-ई. ‘ऑब्स्टॅकल’ विशेषण म्हणून चालत नाही. ‘ऑब्स्टॅकल कोर्स’, ‘ऑब्स्टॅकल रेस’ यांत तो नामावर नाम ठेवलेला आहे.

कोरा_कागद

ऑब्स्टॅकल रेसवरून आठवलं. मराठीत ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणजे हर्डल्स की ऑब्स्टॅकल रेस? आणि मग बोलताना ऑब्स्टॅकलच्या जागी हर्डल सरळ टाकला तर काय बिघडलं?

मैदानी

दोन्हीला मराठीत एकच नाव आहे, म्हणून गोंधळ. दोन शर्यती शेजारी ठेवून पाहा, शब्दांतला फरकही दिसेल.

हर्डल्समध्ये सगळं आधीच ठरलेलं असतं. पुरुषांच्या 110 मीटरमध्ये 10 हर्डल्स, प्रत्येकाची उंची 1.067 मीटर, पहिला सुरुवातीपासून 13.72 मीटरवर, पुढे दर 9.14 मीटरला एक. महिलांच्या 100 मीटरमध्येही 10च, उंची 0.838 मीटर. धावणाऱ्याला किती, कुठे, केवढे हे सगळं ठाऊक असतं. धावताना पाय लागून हर्डल पडला तर चालतं, पण बाजूने वळसा घालून गेला तर बाद.

ऑब्स्टॅकल रेसमध्ये एक अडथळा रांगत जायचा, एक चढून जायचा, एक उडी मारून. जात एकच नाही आणि पार करायची रीतही एकच नाही.

भाषेत तेच उतरलंय. हर्डल म्हणजे ठरलेल्या क्रमातला टप्पा, जो पार केल्याशिवाय पुढचा येत नाही: लेखी परीक्षा, मग मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. ‘द इंटरव्ह्यू इज द फायनल हर्डल.’ पहिल्याच पायरीवर आपटला तर ‘ही फेल ॲट द फर्स्ट हर्डल.’ (हा फेल ‘फॉल’चा भूतकाळ, नापासवाला नव्हे.) इथे ऑब्स्टॅकल घातलात तर म्हण मोडते. क्रियापद ‘क्लिअर’: शी क्लिअर्ड द लास्ट हर्डल.

उलट, घरच्यांचा विरोध, पैशांची चणचण, खराब रस्ता हे कुणी नियमाने मांडून ठेवलेले नसतात. ते ऑब्स्टॅकल.

अवांतर: जुन्या इंग्रजीत हर्डल म्हणजे फांद्या विणून केलेली ताटी, मेंढरं कोंडायला वापरायचे ती. उडी मारण्याचा अर्थ नंतरचा.

वाटसरू

मैदानी, इतकं काटेकोर कुणी पाळत नाही हो. वर्तमानपत्रात ‘हर्डल्स रिमूव्ह्ड’ सर्रास असतं, आणि त्यात पैशांची चणचण पण असते.

मैदानी

असतं. चूक म्हणणार नाही, पण मथळ्याला जागा कमी असते आणि हर्डल आठऐवजी सहा अक्षरांत बसतो, हेही त्यामागे असावं. चित्र मात्र विस्कटतं. शर्यतीतला हर्डल उचलून बाजूला ठेवला तर ती शर्यत कसली? परीक्षेत निबंध लिहिताना रिमूव्हला ऑब्स्टॅकल आणि क्लिअरला हर्डल एवढी जोडी पाळा, कुणी बोट ठेवणार नाही.

स्वल्पविराम

उरलेल्यांचं थोडक्यात.

बॅरियर दोन बाजू अलग ठेवतो. म्हणून ‘लँग्वेज बॅरियर’, ‘ट्रेड बॅरियर’. ‘लँग्वेज ऑब्स्टॅकल’ कानाला टोचतं. बॅरियर ‘ब्रेक’ करता येतो, ऑब्स्टॅकल नाही. रॉजर बॅनिस्टरने 6 मे 1954 रोजी मैलाची शर्यत 3 मिनिटे 59.4 सेकंदांत संपवली, तेव्हा त्याने ‘द फोर-मिनिट बॅरियर’ तोडला. अलीकडे आणि पलीकडे अशा दोन बाजू आहेत, मधे रेघ आहे, म्हणून बॅरियर.

ऑब्स्ट्रक्शन म्हणजे वाट प्रत्यक्ष बुजवणं. नळीत, आतड्यात, रस्त्यावर. कायद्यात ‘ऑब्स्ट्रक्शन ऑफ जस्टिस’, तिथे मोजता न येणारं नाम, म्हणून ‘ॲन’ नाही. क्रिकेटमध्ये नियम 37, ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’: फलंदाजाने शब्दाने किंवा कृतीने मुद्दाम क्षेत्ररक्षकांना अडवलं तर बाद. 2017पासून चेंडू हाताने अडवण्याचा वेगळा नियम त्यातच मिसळला. क्रियापद हवंय म्हणून तिथे ऑब्स्ट्रक्ट, आणि ते ‘मुद्दाम’चा रंग सहज घेतं. ऑब्स्टॅकलमध्ये हेतू नसतो. दगडही ऑब्स्टॅकल असतो.

इम्पेडिमेंट जड शब्द, लिखाणातला. मुळात ‘पाय अडकवणं’, लॅटिन ‘पेस’ म्हणजे पाय, आपल्या ‘पद’चा नातलग. मराठीत याचा सख्खा भाऊ ‘खोडा’, तोही पायातच घालतात. बोलण्यात फक्त ‘स्पीच इम्पेडिमेंट’ नेहमी भेटतो.

रानपाखरू

हिंडरन्स राहिला आणि तो रोजच्या बोलण्यात ऑब्स्टॅकलपेक्षा मजेदार आहे. क्रियापद हिंडर, नाम करताना मधला ‘ई’ गळतो, ‘हिंडरेन्स’ नाही. अर्थ ‘थांबवणं’ नाही, ‘रखडवणं’. ‘द रेन हिंडर्ड द वर्क’ म्हणजे काम चालू होतं, पण रेंगाळलं. ‘द रेन प्रिव्हेंटेड द वर्क’ म्हणजे झालंच नाही. मराठीत दोन्हीला ‘पावसाने अडथळा आणला’ म्हणून मोकळे होतो, भाषांतरात मात्र एक निवडावंच लागतं. प्रिव्हेंटनंतर माणूस आणि क्रिया आली तर मध्ये ‘फ्रॉम’: द रेन प्रिव्हेंटेड अस फ्रॉम प्लेइंग. ‘प्रिव्हेंटेड अस टू प्ले’ नाही.

आणि ‘मोर ऑफ अ हिंडरन्स दॅन अ हेल्प’ म्हणजे मदत कमी, लुडबूड जास्त. स्वयंपाकघरात घोटाळणाऱ्या मंडळींना चपखल.

पासपोर्टच्या आतल्या मजकुरात ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ आहे, तोही पाहा. तिथला लेट म्हणजे ‘उशीर’ नाही आणि ‘होऊ दे’ही नाही. लेटचा जुना अर्थच अडथळा. म्हणजे ‘विनाअडथळा, विनाअटकाव’. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला चाटून योग्य चौकटीत पडली की ‘लेट’ म्हणतात आणि पुन्हा करायला लावतात, त्याचा संबंधही याच जुन्या अर्थाशी जोडतात.

चकोर_७

पाचव्या वाक्याचं दुखणं अजून कुणी सांगितलं नाही.

स्वल्पविराम

हो, विसरलोच. ‘ट्रॅफिक वॉज ॲन ऑब्स्टॅकल’ व्याकरणाने शुद्ध, पण असं कुणी बोलत नाही. ऑब्स्टॅकल हा बेतशुद्ध शब्द आहे, भाषणात, अहवालात, निबंधात, मुलाखतीच्या उत्तरात शोभतो. उशिरा पोचलेला माणूस धापा टाकत म्हणतो, ‘सॉरी, आय गॉट हेल्ड अप इन ट्रॅफिक.’

रोजच्या बोलण्यात अडथळा बहुतेक वेळा क्रियापदात लपतो:

मध्ये मध्ये येऊ नकोस: डोंट गेट इन माय वे.
मग अडतंय कुठे: सो व्हॉट्स स्टॉपिंग यू?
घोडं कुठे अडलंय: व्हॉट्स द होल्ड-अप?
सगळं ठरलं होतं, ऐन वेळी माशी शिंकली: देअर वॉज अ लास्ट-मिनिट हिच.
मोबाइलमुळे अभ्यास होत नाही: माय फोन कीप्स डिस्ट्रॅक्टिंग मी.
त्याने माझ्या कामात मोडता घातला: ही पुट अ स्पोक इन माय व्हील.

शेवटचं ब्रिटिश वळणाचं आहे. चाकात दांडकं खुपसून गाडी थांबवायची, म्हणजे आपल्या ‘खीळ घालणे’च्या अगदी शेजारचं.

मराठीत मनात काय आलं ते आधी पाहा. मनात ‘अडथळा’ हाच शब्द आला तर ऑब्स्टॅकल बहुधा बसेल. माशी शिंकली, घोडं अडलं, खोळंबा झाला असं काही आलं, तर ऑब्स्टॅकल जवळजवळ नक्की चुकीचा.

वाटसरू

हे पटलं. पण मुलाखतीत ‘टेल अस अबाउट ॲन ऑब्स्टॅकल यू ओव्हरकेम’ विचारतात, तिथे उत्तरातही ऑब्स्टॅकल हवाच ना?

रानपाखरू

एकदा, फार तर दोनदा. पहिल्या वाक्यात नाव घ्या: ‘द मेन ऑब्स्टॅकल वॉज द डेडलाइन.’ पुढे ‘इट’, ‘द डिले’, ‘दिस’ वापरून पुढे जा. दर वाक्यात ऑब्स्टॅकल आला की पाठ केलेलं वाटतं. विशेषणं ‘मेन’, ‘मेजर’, ‘बिगेस्ट’, ‘सीरियस’ पुरेत. ‘इनसर्माउंटेबल’ म्हणजे चढून ओलांडताच न येणारा. तो लावून पुढे ‘आय ओव्हरकेम इट’ म्हणू नका, आपणच आपलं वाक्य खोडतो. म्हणायचंच असेल तर ‘सीमिंगली इनसर्माउंटेबल’.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. दुरुस्त केलेली वाक्यं देतो, एकदा नजर टाका.

१. मनी इज अ बिग ऑब्स्टॅकल टू गोइंग अब्रॉड.
२. ही ओव्हरकेम ऑल द ऑब्स्टॅकल्स.
३. डोंट इंटरप्ट मी व्हेन आय ॲम वर्किंग.
४. वी आर फेसिंग टू मेनी ऑब्स्टॅकल्स. (दोन ‘ओ’वाला टू!)
५. आय गॉट हेल्ड अप इन ट्रॅफिक.
६. शी हॅज ओव्हरकम एव्हरी ऑब्स्टॅकल.
७. नवीन: द लँग्वेज टेस्ट इज द फर्स्ट हर्डल टू गेटिंग द व्हिसा.

मैदानी

सहाही ठीक. सातव्यात ‘हर्डल टू गेटिंग’ चालतं, पण हर्डलचा क्रम दाखवायचा असेल तर ‘द फर्स्ट हर्डल इन द व्हिसा प्रोसेस’ जास्त स्वच्छ. इथे ‘इन’ चालतो, कारण हर्डल प्रक्रियेच्या आत, रांगेत मांडलेला आहे.

स्वल्पविराम

+१. तिसऱ्यात ‘व्हेन’ऐवजी ‘व्हाइल’ केलंत तर आणखी बरं.